नाकारलेला पेपर जातो कुठे?

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. मधली अडखळ, जादाचे 'म्हणजे' आणि खालून आलेली भंगारवाल्याची हाक काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागचा भाग ऐकून दोघातिघांनी विचारलं की बाबा, तू नक्की काम काय करतोस? तर आज थोडं कामाचंच बोलतो, कारण विषय तिथूनच निघालाय.

मी बीटेक कॉम्प्युटर, पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. आमचे ग्राहक म्हणजे संशोधनाची जर्नल्स काढणारे प्रकाशक. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला संशोधक आपला पेपर वेबसाइटवर चढवतो, तो संपादकाकडे जातो, संपादक दोन-तीन परीक्षकांना पाठवतो, त्यांचे अभिप्राय येतात आणि निर्णय होतो. या प्रवासातली प्रत्येक अवस्था आमच्या डेटाबेसमध्ये असते. 'सबमिटेड', 'विथ एडिटर', 'अंडर रिव्ह्यू', 'रिव्हिजन', आणि शेवटी दोन फाटे, 'अ‍ॅक्सेप्ट' किंवा 'रिजेक्ट'. 'अ‍ॅक्सेप्ट'च्या पुढे ढीगभर कोड आहे. मुद्रितशोधन, पानांची मांडणी, डीओआय क्रमांक, पैशांच्या पावत्या. 'रिजेक्ट'च्या पुढे एक ईमेल जातो आणि काही काळाने त्या फाइली स्वस्तातल्या साठवणीत हलवणारा एक प्रोग्राम रात्री चालतो. झालं. आमच्या भाषेत ही 'टर्मिनल स्टेट', इथून पुढे बाण निघत नाही.

कामाला लागल्यावर पहिलं वर्षभर मी या बाणाचा विचारच केला नाही. नंतर करायला लागलो, कारण आकडे बघितले तर मोठ्या जर्नल्सकडे येणाऱ्या शंभरातले नव्वदहून जास्त पेपर याच डब्यात पडतात. म्हणजे आम्ही जे बनवतो ते मुख्यतः 'नाही' म्हणण्याचं यंत्र आहे.

आता 'नाही' दोन तऱ्हेचं असतं. एक, संपादकानेच वरवर चाळून चार-आठ दिवसांत परत पाठवलं. याला डेस्क रिजेक्ट म्हणतात. परीक्षकांपर्यंत पेपर पोचतच नाही. दुसरं, परीक्षकांनी वाचून, अभिप्राय लिहून, पाच-सात महिन्यांनी नाकारलं. पहिल्यात अपमान जास्त, दुसऱ्यात वेळ जास्त जातो. आणि वेळ का जातो, तर नियम असा की एक पेपर एका वेळी एकाच जर्नलकडे द्यायचा. लग्न जमवण्यासारखं समजा, पण एका वेळी एकाच स्थळाकडे पत्रिका पाठवायची. त्यांनी सहा महिने ती ठेवून घ्यायची आणि मग कळवायचं की पत्रिका जुळत नाही. 'आमच्या जर्नलच्या व्याप्तीत बसत नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय, की माझ्या लेखी ते 'पत्रिका जुळत नाही'चं शब्दशः भाषांतर आहे. खरं कारण दोन्हीकडे सांगत नाहीत.

तर पुढे काय होतं? यावर लोकांनी खरंच अभ्यास केलेत. २०१२ साली 'सायन्स' मध्ये व्हिन्सेंट काल्काग्नो आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. त्यांनी जीवशास्त्राशी संबंधित ९२३ जर्नल्समधल्या, २००६ ते २००८ या काळात छापलेल्या सुमारे ८० हजार पेपरांच्या लेखकांकडून माहिती जमवली. प्रश्न साधा होता, हा पेपर छापण्याआधी दुसरीकडे दिला होता का? उत्तर निघालं की साधारण ७५ टक्के पेपर पहिल्याच ठिकाणी लागले होते. म्हणजे छापलेल्यातला दर चौथा पेपर आधी कुठेतरी नाकारला गेलेला. तुम्ही जर्नल उघडता तेव्हा हे दिसत नाही. पेपरवर कुठे शिक्का नसतो की हा आधी दोन दारांवरून परत आलाय.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. एकदा नाकारून मग दुसरीकडे छापलेल्या पेपरांना, त्याच जर्नलमध्ये पहिल्या फटक्यात लागलेल्या पेपरांपेक्षा, सरासरीने थोडे जास्त संदर्भ मिळाले. फरक छोटा होता पण होता. लेखकांचा अंदाज असा की मधल्या काळात पेपर सुधारतो. परीक्षकाच्या शिव्या खाऊन माणूस आकृती नीट काढतो, नको ते परिच्छेद उडवतो. मला हे पटतं. आमच्याकडे कोड रिव्ह्यूला परत आलेलं काम दुसऱ्या वेळी बरंच बरं असतं, चेहरा कितीही वाकडा करून केलं तरी.

मग निवडणाऱ्यांना कळतं तरी का, असं विचाराल. सायलर, ली आणि बेरो या तिघांनी २०१५ मध्ये वैद्यकातल्या तीन बड्या जर्नल्सचा हिशोब मांडला. 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन', 'बीएमजे' आणि 'लॅन्सेट'. २००३ आणि २००४ मध्ये आलेली १,००८ हस्तलिखितं घेतली आणि त्यांचा पुढे माग काढला. ८०८ शेवटी कुठे ना कुठे छापलेली सापडली. एकंदरीत संपादकांचा अंदाज बरा होता, म्हणजे ज्यांना त्यांनी कमी लेखलं त्यांना पुढे संदर्भही कमी मिळाले. पण सगळ्यात जास्त संदर्भ मिळालेले जे १४ पेपर होते, ते चौदाच्या चौदा या तीन जर्नल्सनी नाकारलेले होते. त्यातले १२ तर डेस्कवरूनच परत. याचा अर्थ मी असा लावतो की सुमार माल ओळखायला ही पद्धत ठीक आहे, पण जे फार वेगळं आहे ते तिला ओळखता येत नाही.

इथे तुमच्यातला कोणीतरी क्रेब्जचं नाव घेणार, मला माहीत आहे. घेऊनच टाकू. हान्स क्रेब्ज, शरीरात अन्नापासून ऊर्जा कशी बनते त्याचं चक्र शोधणारा. बारावीला आपण सगळ्यांनी ते पाठ केलंय. १९३७ मध्ये त्याने ते 'नेचर'ला पाठवलं. 'नेचर'चं म्हणणं, आमच्याकडे पुढच्या सात-आठ आठवड्यांना पुरतील एवढी पत्रं पडून आहेत. मग तो पेपर 'एन्झायमोलोगिया' नावाच्या जर्नलमध्ये आला आणि १९५३ साली क्रेब्जला नोबेल मिळालं. माझ्या क्षेत्रातलं उदाहरण म्हणजे वर्डटूव्हेक. शब्दांचे आकडे करून त्यांच्यातली जवळीक मोजायची ही कल्पना, आजच्या भाषेच्या मॉडेलांच्या पायातली. तिचा पहिला पेपर २०१३ मध्ये आयसीएलआर परिषदेत मुख्य सत्राला नाकारला गेला होता. (आमच्या क्षेत्रात जर्नलपेक्षा परिषदेचा मान मोठा, म्हणून ते उदाहरण चालवून घ्या.)

पण या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात तशा मला आवडत नाहीत. त्या वाचून प्रत्येक नाकारलेल्याला वाटतं, आपण क्रेब्ज. ज्यांचे पेपर नाकारले गेले आणि जे खरोखरच चुकीचे होते त्यांच्या गोष्टी कोण फिरवणार? त्यापेक्षा पीटर हिग्जची गोष्ट मला कामाची वाटते. १९६४ मध्ये त्याचा दुसरा छोटा पेपर 'फिजिक्स लेटर्स'ने परत पाठवला. तो थोडा चिडला, पण बसून त्याने त्यात भर घातली की माझं गणित बरोबर असेल तर असा एक नवा, वस्तुमान असलेला कण असायला हवा. मग पेपर 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'ला पाठवला आणि तो छापला गेला. २०१२ मध्ये सर्नमध्ये सापडला तो हा कण. नकार आला नसता तर ती भर त्या पेपरात पडली असती का, सांगता येत नाही.

बरं, आता सॉफ्टवेअरच्या आतली गोष्ट. हल्ली नकाराच्या ईमेलमध्येच एक बटण असतं, 'तुमचा पेपर आमच्याच दुसऱ्या जर्नलकडे वर्ग करू का?' मोठ्या प्रकाशकांकडे जर्नलांची उतरंड असते. वरच्याने नाकारलं की मधल्याकडे, मधल्याने नाकारलं की खालच्याकडे. ते बटण दाबलं की आमच्यासारख्या कोणीतरी लिहिलेला कोड एक झिप फाइल बनवतो. त्यासाठी 'मेका' नावाचा सामायिक नमुना आहे, म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रणालींनाही एकमेकींचं गाठोडं उघडता यावं. आत पेपर, आकृत्या, काय काय आहे त्याची यादी, आणि परवानगी असेल तर आधीच्या परीक्षकांचे अभिप्रायसुद्धा. लेखकाचा फायदा हा की पुन्हा पहिल्यापासून सगळे रकाने भरायला नकोत, आणि परीक्षणही कधी कधी पुन्हा होत नाही. प्रकाशकाचा फायदा हा की गिऱ्हाईक दुकानातच राहतं. खालच्या पायरीवरची बरीच जर्नल्स लेखकाकडून पैसे घेऊन पेपर सगळ्यांसाठी खुला ठेवतात आणि ही रक्कम हजार-दोन हजार डॉलरच्या घरात सहज जाते. सोयीची गोष्ट आणि धंद्याची गोष्ट एकाच बटणात बसवलेली आहे. मी स्वतः त्याचा थोडा कोड लिहिलाय, त्यामुळे नावं ठेवताना जरा सांभाळून ठेवतो.

ज्यांना वर्ग करायचं नसतं ते पेपर आपला आपण दुसरीकडे नेतात. शहाणा माणूस सुधारणा करून नेतो. आळशी माणूस वरचं जर्नलचं नाव बदलतो आणि पाठवतो. कधी कधी तेही विसरतो, मग संपादकाला दुसऱ्याच संपादकाच्या नावाने 'आदरणीय' असं पत्र येतं. आणि विषय छोटा असेल तर नव्या जर्नलकडूनही पेपर त्याच परीक्षकाकडे जाऊन पडतो. त्याने आधी दाखवलेल्या चुका तशाच पाहिल्यावर तो काय लिहीत असेल, कल्पना करा.

याच्याहून वाईटही होतं. अमेरिकेतले डॉक्टर मायकेल डॅन्सिंगर यांचा पेपर २०१५ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'ने नाकारला. पुढे त्यांना तोच मजकूर, तेच तक्ते एका दुसऱ्या जर्नलमध्ये वेगळ्याच लोकांच्या नावाने छापलेले दिसले. रुग्ण मात्र युरोपातले दाखवले होते. निघालं असं की ज्याच्याकडे हा पेपर परीक्षणाला गेला होता त्यानेच तो उचलला. तो चोरलेला पेपर नंतर मागे घेतला गेला आणि डॅन्सिंगरांनी त्या चोराला उद्देशून, त्याचं नाव न घेता, एक उघड पत्र लिहिलं. ते २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्याच 'अ‍ॅनल्स'ने छापलं. हे फार क्वचित होतं. पण नाकारलेला पेपर म्हणजे काही लोकांनी वाचलेला आणि जगाला माहीत नसलेला कागद, हे यात स्पष्ट दिसतं. म्हणून मला प्रीप्रिंट आवडतात. आधी अर्काइव्हसारख्या खुल्या साठ्यावर तारखेसकट टाकून द्यायचं, मग जर्नलांच्या दारी जायचं. भौतिकीवाले १९९१ पासून हेच करतायत. जीवशास्त्रवाल्यांचं बायोअर्काइव्ह २०१३ चं.

आणि काही पेपर कुठेच जात नाहीत. खणात जातात. रॉबर्ट रोझेंथल या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये याला नावच दिलं, फाइलच्या खणाचा प्रश्न. औषध लागू पडलं असा निष्कर्ष असेल तर तो छापला जातो, नाही पडलं तर खणात. २००८ मध्ये टर्नर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या तपासल्या, ज्यांची नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे होती. औषधाच्या बाजूने निकाल गेलेल्या ३८ चाचण्यांपैकी ३७ छापलेल्या. बाकीच्या ३६ पैकी २२ छापलेल्याच नाहीत, ११ छापल्या पण औषध लागू पडतंय असा सूर लावून. सरळसरळ छापलेल्या फक्त तीन. आता या २२ जर्नल्सनी नाकारल्या की कंपन्यांनी पाठवल्याच नाहीत, हे त्या अभ्यासातून कळत नाही. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला मात्र दोन्हींचा परिणाम एकच.

आपल्याकडे खणापेक्षा वेगळी वाट जास्त वापरात आहे. पैसे भरा, छापून घ्या. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक मुद्दाम चुका पेरलेला बनावट पेपर थोडे थोडे बदल करून ३०४ जर्नल्सकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. आपल्या यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली तर तिच्यात इतका कचरा शिरला की मे २०१८ मध्ये ४,३०५ नावं एकदम काढावी लागली. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत आलेली जर्नल्स तपासली, तर ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची निघाली. मग २०१९ मध्ये 'केअर' यादी आली, तिचं काम पुण्यातूनच चाले. २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली आणि ठरवण्याचं काम पुन्हा विद्यापीठांवर सोडलं.

हे सगळं मी इतकं का वाचत बसलो, तर माझ्या मावसबहिणीमुळे. मी तिला ताई म्हणतो, इथेही तेच म्हणेन. ती कोकणात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पीएचडी करते. विषय कातळसडे. पावसाळा सुरू झाला की काळ्या जांभ्यावर पाणी साठतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी नखाएवढी फुलं येतात. दिवाळीपर्यंत सगळं वाळून जातं. तिने चार पावसाळे एका सड्यावर चौकोन आखून, गुडघ्यावर बसून झाडं मोजली. तो पेपर परदेशातल्या एका जर्नलने सात महिने ठेवून नाकारला, कारण 'केवळ स्थानिक महत्त्वाचा'. दुसऱ्याने पाच दिवसांत परत केला.

मग तिला मेसेज आला. तीन दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन क्रमांक, भरघोस इम्पॅक्ट फॅक्टर, प्रमाणपत्र मोफत, फी दीड हजार. तिने मला फक्त एवढंच विचारलं, "हे बरं आहे का बघ रे." मी साइट उघडली. एकाच अंकात आयुर्वेद, जीएसटी, काँक्रीटची ताकद आणि संतसाहित्य. मी म्हटलं, ताई, हे नको.

ती म्हणाली, "तुला पगार महिन्याला येतो रे. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे, आणि एका पेपरला दोन गुण धरतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला फक्त यंत्राची बाजू सांगितली, कारण ती मला माहीत आहे. एकदा तिथे छापलं की तो मजकूर प्रकाशित ठरतो. पुढे कुठलंही चांगलं जर्नल सारखेपणा तपासतं, त्यात तो सापडतो आणि पेपर परत येतो. मागे घ्यायचा म्हटलं तर अशी दुकानं त्याचेही पैसे मागतात. म्हणजे चार पावसाळे दीड हजारात कायमचे तिथे अडकणार. आणि तिच्या सड्याच्या एका कडेला तोवर चिरेखाण सुरू झाली होती. तिच्या चौकोनांपैकी तीन तिकडे होते. तिथे काय उगवत होतं याची आकड्यांतली नोंद त्या नाकारलेल्या पेपरात आहे, दुसरीकडे असल्याचं तिलाही ठाऊक नाही.

तिने दोन दिवस घेतले. मग तो मेसेज तसाच राहू दिला, पेपर प्रीप्रिंट म्हणून टाकला आणि पहिल्या जर्नलच्या परीक्षकांचे अभिप्राय पुन्हा काढून बसली. एक परीक्षक नुसताच तिरसट होता. दुसऱ्याने मात्र विचारलं होतं, गुरं चरतात तिथे आणि चरत नाहीत तिथे वेगळं मोजलंय का? मोजलेलं होतं, पण लिहिलेलं नव्हतं. तिने ते तक्ते नव्याने मांडले, मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून आलेख काढून दिले, आणि पेपर भारतातूनच निघणाऱ्या एका जर्नलला गेला. मुलाखत त्याआधीच होऊन गेली. जागा तिला मिळाली नाही. त्या दोन गुणांनी मिळाली असती का, कोण सांगणार. मावशीने मला त्यावरून बरंच ऐकवलं, आणि मी ते ऐकून घेतलं.

त्या जर्नलचं उत्तर गेल्या महिन्यात आलं. नकार नाही, 'मेजर रिव्हिजन'. चरलेल्या आणि न चरलेल्या भागात आणखी एक हंगाम मोजा म्हणतात. खाणीकडचे तीन चौकोन आता मोजता येणार नाहीत, तिथे तिचे जुने आकडेच राहणार, आणि तसं स्पष्ट लिहा असंही संपादकाने सुचवलंय. दोरी आणि खुंट्या तिच्याकडे आहेत. मी ऑगस्टात चार दिवसांची सुट्टी टाकलीय, लिहून घ्यायला माणूस हवा म्हणाली. रेनकोट घेऊन ये, छत्री सड्यावर टिकत नाही, असंही म्हणाली.

चला मंडळी, पुढचा भाग दोन आठवड्यांनी. तुमच्याकडे परत आलेल्या पेपरांच्या गोष्टी असतील तर पाठवा, जर्नलचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल.